मुलगी नॅशनलची तयारी करतेय, पाच महिने पाळी नाही, नडगी दुखते, सगळे म्हणतात नॉर्मल आहे. खरंच आहे का?

नारायणबागवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचते, आज लिहायची वेळ आली. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, १५०० आणि ३००० मीटर पळते, स्टेटला मेडल आहे, मागच्या वर्षी ज्युनियर नॅशनलच्या फायनलला होती. पुढची नॅशनल दीड महिन्यावर आलीय.

दिवाळीपासून नवीन कोच सरांकडे जाते. सर मेहनती आहेत, पहाटे पाचला मैदानावर हजर असतात, पैशाचा लोभ नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल उगाच वाईट बोलायचं नाहीये. पण आल्या आल्या त्यांनी सांगितलं की वजन थोडं कमी कर, टायमिंग आपोआप खाली येईल. पोरीने ते इतकं मनावर घेतलं की भात बंद, तूप बंद, रात्री एक पोळी नि काकडी, रविवारी सगळं घर पोहे-जलेबी खातं तेव्हा ही बाजूला बसून ग्रीन टी पिते. ४८ ची ४४ झाली. आणि खरं सांगते, सुरुवातीचे दोन महिने टायमिंग सुधारलं पण.

आता पाच महिने झाले पाळी आलेली नाही. सर्दी-खोकला सारखा चालू असतो, झोप नीट नाही, चिडचिड, टायमिंग पण परत वर जायला लागलंय आणि महिन्याभरापासून उजव्या पायाची नडगी दुखते. ग्रुपमधल्या सीनियर मुली तिला म्हणतात पाळी गेली म्हणजे ट्रेनिंग बरोबर चाललंय, आमची पण जाते. एका लेडी डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी पाळी आणायच्या गोळ्या लिहून दिल्या, खाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. आणि नडगीसाठी कोच सरांचे कोणी ओळखीचे आहेत ते म्हणतात इंजेक्शन घे, नॅशनल पळ, मग आराम कर.

ह्यांचं म्हणणं आहे की कोचशी वाकडं घेऊ नको, नॅशनलचं मेडल म्हणजे रेल्वेची नोकरी. मला कळत नाहीये की हे खरंच नॉर्मल आहे का, इंजेक्शन घेऊ द्यावं का, आणि मुख्य म्हणजे अशा वेळी "नाही" म्हणायचा अधिकार कोणाचा असतो? आईचा तर दिसत नाही.

---

फिजिओताई

ताई, आधी नडगीचं, कारण ते थांबू शकत नाही. आज घरी एवढं बघा. तिला पाय लांब करून बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून एक बोट दाबत वरून खालपर्यंत न्या. जर चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल आणि वॉर्मअप झाल्यावर कमी होत असेल तर ते बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे हाडाच्या आवरणाला आलेली सूज, त्यात वेळ मिळतो. पण जर एकाच ठिकाणी, अगदी बोटाच्या टोकाएवढ्या जागी ती ओरडली, किंवा त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर आहे असं धरूनच चाला आणि उद्या सकाळचं प्रॅक्टिस बंद. उद्याचं म्हणतेय मी, सोमवारपासूनचं नाही.

एक्स-रे काढून "काही नाही" असा रिपोर्ट आला तर हुरळून जाऊ नका, पहिले दोन-तीन आठवडे स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआय करा. दुखणं नडगीच्या पुढच्या धारेवर असेल, किंवा कधी जांघेत दुखायला लागलं, तर त्याच दिवशी ऑर्थोकडे, कारण नडगीची पुढची बाजू आणि मांडीच्या हाडाची मान ह्या दोन जागा अशा आहेत की तिथली बारीक चीर पूर्ण तुटू शकते आणि मग रॉड नाहीतर स्क्रू.

आणि इंजेक्शन... दुखणं बंद करून चीर पडलेल्या हाडावर पळवणं म्हणजे फायर अलार्मची वायर कापून स्वयंपाक चालू ठेवणं. ज्यांनी सुचवलं त्यांना विचारा की त्यांनी पायाला हात लावून बघितलं का. बहुतेक नसेल लावला.

---

मूळचा_इंदूरी (सध्या पुणे)

मी डॉक्टर आहे, स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये काम करतो, शाळा राजेंद्र नगरची. इथे बसून डायग्नोसिस करत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून कोणीही स्पोर्ट्सवाला डॉक्टर एकच गोष्ट म्हणेल.

नॉर्मल नाहीये. कॉमन आहे, पण नॉर्मल नाही. चालू असलेली पाळी तीन महिने सलग आली नाही की तपासायचंच, खेळाडू असो की नसो. तुम्ही सांगताय ते सगळं, पाळी, सर्दी, झोप, चिडचिड, हाड, टायमिंग, हे सहा वेगळे आजार नसून एकाच गोष्टीच्या सहा फांद्या असण्याची शक्यता खूप आहे. पूर्वी ह्याला फीमेल ॲथलीट ट्रायड म्हणायचे (कमी खाणं, पाळी जाणं, हाडं कमजोर होणं), २०१४ मध्ये आयओसीने, म्हणजे ऑलिंपिकवाल्यांनी, ते वाढवून रेड-एस (खेळाडूच्या शरीराला पुरेशी ऊर्जा न मिळणं) असं नाव दिलं कारण लक्षात आलं की हृदय, पचन, प्रतिकारशक्ती, मन सगळ्यावर परिणाम होतो आणि मुलांनाही होतो, त्यांची पाळी नसते म्हणून पकडलं जात नाही एवढंच. २०२३ ला त्यांनी ते पुन्हा नवीन केलं आणि डॉक्टरांसाठी हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल अशी पायरी दिली, की कोणाला खेळू द्यायचं, कोणाला कमी करायचं, कोणाला पूर्ण थांबवायचं.

हिशोब सोपा आहे, वहीवर करून बघा. ४४ किलोतलं चरबी सोडून वजन धरा ३७ किलो. पळताना अंदाजे दर किलोला दर किलोमीटरला एक कॅलरी जाते, म्हणजे दिवसाला बारा किलोमीटर झाले तर पाचशेच्या आसपास गेले. ती दिवसभरात समजा १४०० खाते. त्यातले ५०० पळण्यात गेले, उरले ९००, भागिले ३७, म्हणजे किलोमागे २४. शरीराला बाकी सगळं चालवायला, हाड बांधायला, हार्मोन बनवायला साधारण ४५ लागतात. अमेरिकेत ॲन लाउक्स म्हणून संशोधक आहेत, त्यांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की ३० च्या खाली गेलं की पाच दिवसांत पाळीचं नियंत्रण करणाऱ्या हार्मोनचे ठोके बिघडायला लागतात. फक्त पाच दिवस, आणि त्या बायका खेळाडूही नव्हत्या. ही रेषा प्रत्येकीची थोडी पुढेमागे असते, पण २४ कुठल्याच हिशोबात बसत नाही. म्हणजे तिला रोज किमान २१००-२२०० पोटात गेले पाहिजेत, आणि ते काकडीने होत नाही.

म्हणूनच सुरुवातीला टायमिंग सुधारतं. वजन लगेच उतरतं, बाकीचं नुकसान मागून येतं. हा सापळा आहे आणि त्यात कोच, मुली, आईबाप सगळे अडकतात कारण पहिले दोन महिने घड्याळ त्यांच्या बाजूने बोलत असतं.

पाळीच्या गोळ्यांबद्दल. गोळी घेतली, रक्तस्राव झाला, सगळ्यांना वाटलं झालं बरं. पण आतली पाळी परत आलेली नसते आणि हाडाला त्याचा भरवशाचा फायदा होत नाही, उलट धोक्याची खूण झाकली जाते. ह्या प्रकारची पाळी बंद झाली असेल तर नुसती पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देऊ नका असं २०१७ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या, म्हणजे हार्मोनवाल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या, गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे. आधी कारण शोधायचं. प्रेग्नन्सी टेस्ट (राग मानू नका, ती सगळ्यांचीच करतात), थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच-एलएच, इस्ट्रोजेन, पीसीओ आहे का ते, आणि त्याबरोबर सीबीसी, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), व्हिटॅमिन डी. हिमोग्लोबिन बारा आहे म्हणून लोह ठीक असं समजू नका, फेरिटिन वेगळं बघावं लागतं, पळणाऱ्या मुलींमध्ये ते बऱ्याचदा तळाला गेलेलं असतं. पाळी सहा महिने किंवा जास्त गेली असेल किंवा एमआरआयत फ्रॅक्चर निघालं तर डेक्सा पण करा, हाडाची घनता कळते. हाडांची बहुतेक भरती विशीच्या आत होते, सतराव्या वर्षी जे साठत नाही ते नंतर पूर्ण भरून निघेलच असं नाही.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेची मेरी केन, शाळेत असताना जगात नाव झालेली धावपटू, २०१९ मध्ये तिने जाहीर सांगितलं की वजन कमी करायच्या दबावाखाली तिची तीन वर्षं पाळी गेली आणि पाच हाडं मोडली. तिलाही आसपासचे सगळे नॉर्मलच म्हणत होते.

---

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

मी कोच आहे. खेळ सांगत नाही, इंदूर लहान आहे.

सगळं खापर कोचवर फोडणं सोपं आहे हो. डॉक्टरसाहेब पुण्यातून कॅलरीचा भागाकार करतात, मला इथे साठ पोरं आहेत, ना न्यूट्रिशनिस्ट ना फिजिओ, वजनकाटा पण मी स्वतःच्या खिशातून आणलाय. सिलेक्शनच्या दिवशी कोणी विचारत नाही की हिचं फेरिटिन किती, विचारतात टायमिंग किती. मेडल आलं नाही तर पुढच्या वर्षी माझ्या बॅचला मैदान मिळेल का ते मला माहीत नाही. आणि वजनाचा फरक पडतो हे खोटं नाही, लांब पळण्यात पडतोच.

पण एक कबूल. पोरींशी पाळीबद्दल बोलायला मला आजही जमत नाही, आणि माझ्यासारखे नव्वद टक्के सर लोक असेच आहेत, त्यामुळे आम्हाला कळतच नाही. वजन दर आठवड्याला घेतो, ते वहीत लिहितो, पाळीचं कोण लिहिणार. कोणी लेडी फिजिओ किंवा सीनियर मुलगी हे बघत असेल तर मी तर म्हणेन बरंच झालं. इंजेक्शनच्या बाबतीत मात्र त्या सरांची बाजू मी घेणार नाही. सतरा वर्षांच्या पोरीला सुई टोचून पळवायचं नसतं, एवढं आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं आणि त्यांच्याकडे कुठली डिग्री नव्हती.

---

जुना_पहिलवान

वहिनी, मी कुस्तीवाला. आमच्याकडे तर हे वजनाचं प्रकरण पिढ्यानपिढ्या. मॅटवर यायच्या आधी दोन दिवस पाणी बंद, प्लास्टिकची पँट घालून पळायचं, थुंकून थुंकून बाटली भरायची, उसाची चरखी बघून डोळे मिटायचे. पोरं लॅसिक्सच्या गोळ्या खायची, लघवी होऊन वजन उतरतं म्हणून, आणि ती गोळी तर बंदी असलेल्या यादीत आहे, कॉम्पिटिशन असो नसो, बारा महिने बंद, हे अर्ध्या आखाड्यांना आजही माहीत नाही.

ह्यातून माणसं मरतात हे लोकांना गप्पा वाटतात. अमेरिकेत १९९७ साली सव्वा महिन्याच्या आत कॉलेजचे तीन पहिलवान वजन उतरवताना मेले, रबरी सूट घालून गरम खोलीत सायकल मारत होते. त्यानंतर त्यांनी रबरी सूट बंद केले, आणि सीझनच्या आधीच बघायला लागले की पोराला किती खालचं वजन झेपेल, ते पण पाणी पिऊन तपासायचं म्हणजे सुकवून फसवता येत नाही. तीन पोरं गेल्यावर नियम झाला. आपल्याकडे कितींनंतर होईल ते भगवान जाणे.

विनेश फोगटचं तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, ७ ऑगस्ट २०२४, पॅरिस, फायनलच्या सकाळी ५० किलोला १०० ग्रॅम जास्त. रात्रभर सायकल, सॉना, केस कापले, तरी उतरलं नाही, आणि वरून हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागलं. इथे चौकाचौकात भांडणं झाली की डॉक्टरची चूक, की कोचची, की तिची. मला वाटतं मूळ प्रश्न आधीचा आहे, की ५३ ची पोरगी ५० मध्ये उतरायला का लागली, कारण तिच्या वजनात जागा दुसरीला गेली होती. एका वजनात एका देशाची एकच पोरगी. शरीर हे असल्या हिशोबात कुठेच बसवलेलं नसतं. कोच भाऊंचं म्हणणं खरं आहे, त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. पण तुमच्या पोरीच्या खेळात तर वजनाचा गट पण नाहीये ना वहिनी, मग काट्याची एवढी भीती कशाला.

---

डोपिंगचा_हिशोब

औषधांबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं, मुलगी नॅशनल लेव्हलची आहे म्हणजे नाडाची (देशातली डोपिंग तपासणारी संस्था) माणसं तिची लघवी कधीही मागू शकतात.

इंदूरकरांना आठवत असेल नसेल, पृथ्वी शॉचं सॅम्पल आपल्याच शहरात घेतलं होतं, २२ फेब्रुवारी २०१९, मुश्ताक अली ट्रॉफीची मॅच. टर्ब्युटलिन हे बंदीतलं औषध निघालं, जे कुठल्याही मेडिकलवर मिळणाऱ्या खोकल्याच्या सिरपमध्ये असतं. त्याने चोरून काही घेतलं नव्हतं हे बोर्डाने मान्य केलं, तरी आठ महिने बाहेर. तुम्ही लिहिलंय की तिला सारखा सर्दी-खोकला असतो, म्हणून सांगतोय, घरातली सिरपची बाटली आधी उलटी करून वाचा.

दुखण्याच्या गोळ्यांत डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉलवर बंदी नाही, पण ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे, आणि आपल्याकडे पॅरासिटामॉल-ट्रॅमाडॉल अशी जोडगोळी सर्रास देतात. त्या "इंजेक्शन" मध्ये काय आहे हे कोणी सांगितलंय का? स्टेरॉइड असेल (कॉर्टिसोनवालं, सूज कमी करणारं) तर २०२२ पासून ते सांध्यात टोचा नाहीतर कुठेही टोचा, स्पर्धेच्या काळात बंद, आणि काही प्रकार शरीरात आठवडे राहतात. आणि जर ते "ताकदीचं" असेल, नॅन्ड्रोलोन वगैरे, तर करिअरच संपलं. पाळीच्या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असेल तर तिच्यावर बंदी नाही, पण लघवीत तिचा जो अवशेष येतो तो नॅन्ड्रोलोनच्याही खुणेचा असतो, लॅबवाले ते ओळखतात, तरी टेस्टच्या फॉर्मवर गोळीचं नाव लिहिलेलं बरं.

"मला माहीत नव्हतं, सरांनी दिलं" हे तिथे चालत नाही. सॅम्पल पोरीचं, नाव पोरीचं, बंदी पोरीवर. प्रिस्क्रिप्शन फोटो काढून ठेवा, नाडाचं औषध तपासायचं ॲप आहे त्यात नाव टाकून बघा, आणि एखादं बंदीतलं औषध खरंच गरजेचं असेल तर आधी अर्ज करून परवानगी मिळते, तिला टीयूई म्हणतात. डबाबंद प्रोटीन पावडरी, "फॅट बर्नर" वगैरे तर ह्या सगळ्यापेक्षा वाईट, लेबलवर एक आणि आत भलतंच.

---

नारायणबागवाली (इंदूर)

सगळ्यांचे खूप आभार, इतकं लिहाल वाटलं नव्हतं. फिजिओताई, तुमचं बोट लावून बघितलं तर एकाच जागी ओरडली. एमआरआय झाला, स्ट्रेस फ्रॅक्चर आहे, मागच्या-आतल्या बाजूला, ग्रेड दोन लिहिलंय. फेरिटिन ९ आलं, डी पण कमी. थायरॉइड वगैरे ठीक आहे. पाळीच्या गोळ्या थांबवल्या, दुसऱ्या गायनॅक मॅडमनी नीट बसून सगळं विचारलं.

इंजेक्शनचं नाव विचारलं तर त्या गृहस्थांनी सांगितलंच नाही, म्हणाले तुम्हाला कळणार नाही. तिथेच विषय संपला.

कोच सर आधी नाराज झाले, मग रिपोर्ट बघून गप्प झाले. ह्यांचं अजून चालूच आहे, नॅशनल नॅशनल. पोरगी दोन दिवस रडली. आता तीन गोष्टी विचारायच्या आहेत, एक म्हणजे सर परत म्हणाले की चार आठवड्यांत बरं वाटलं तर पळू दे, तर तेव्हा कोणाचं ऐकायचं? दुसरं, आमच्या सोसायटीत कोणीतरी म्हणालं की खेळाडूंचं हार्ट पण तपासून घ्या, टीव्हीवर फुटबॉलवाला पडला होता तसं होतं, तर ईसीजी करावा का. आणि तिला घरी बसवून ठेवलं तर ती वेडी होईल, काय करू देऊ?

---

मूळचा_इंदूरी (सध्या पुणे)

ताई, बरं केलंत. मागच्या-आतल्या बाजूचं आणि ग्रेड दोन म्हणजे जरा नशीब चांगलं, ही जागा सहसा नीट भरते. साधारण सहा ते आठ आठवडे, आणि तेही खाणं सुधारलं तर. खाणं तेच ठेवलं तर हाड भरेल आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे चीर पडेल, असे पेशंट मी बघितलेत.

म्हणजे नॅशनल नाही. गोल गोल फिरवून सांगत नाही.

कोणाचं ऐकायचं ह्याला उत्तर लेखी आहे. ऑलिंपिक मूव्हमेंटचा मेडिकल कोड आहे, २००९ पासून लागू, त्यात लिहिलंय की खेळाडूचं आरोग्य हे स्पर्धेच्या, पैशाच्या, राजकारणाच्या आधी येतं आणि खेळू द्यायचं की नाही हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरचा, त्यात बाहेरच्यांनी दबाव आणायचा नाही. तिचे रिपोर्ट तिच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवायचे नाहीत हेही त्यातच आहे, त्यामुळे ग्रुपवर फोटो टाकू नका, आणि सरांनाही तेवढंच द्या जेवढं गरजेचं आहे, "पळण्यासाठी अनफिट, अमुक तारखेला पुन्हा तपासणी" असं ऑर्थोकडून सही-शिक्क्याचं पत्र घ्या. पत्र असलं की सरांनाही बरं पडतं, त्यांना वर काय सांगायचं ते मिळतं. शिट्टीवाले भाऊ इथे आहेत, ते सांगतील की हे खरं आहे की नाही. ती अठराच्या आत आहे म्हणजे सही तुमची लागते, तुम्ही विचारलं होतं ना आईचा अधिकार, तो इथे आहे, संमतीच्या कागदावर. ह्यांना म्हणावं रेल्वेवालेही भरती करताना मेडिकल घेतात.

ईसीजीचं. करून घ्या, स्वस्त आहे, नुकसान नाही, पण खेळाडूंचा ईसीजी वाचणारा माणूस हवा, कारण भरपूर ट्रेनिंग करणाऱ्यांचे ठोके आरामात चाळीस-पन्नासवर असतात आणि मशीन त्याला लाल अक्षरात काहीबाही लिहून देतं. त्यात पुन्हा कमी खाण्यानेही ठोके मंद होतात, म्हणून तिच्या बाबतीत दोन्ही सांगा डॉक्टरांना. ईसीजीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न फुकटचा आहे, घराण्यात कोणी पस्तीस-चाळीशीच्या आत अचानक गेलं का, तिला कधी पळता पळता चक्कर येऊन पडायला झालं का. इटलीत १९८२ पासून कायद्याने प्रत्येक स्पर्धक खेळाडूची तपासणी ईसीजीसकट होते, आणि तिथल्या व्हेनेतो भागात पुढच्या वीस-बावीस वर्षांत मैदानावरचे अचानक मृत्यू जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी झाले. इस्रायलने तसाच नियम केला तर त्यांच्या आकड्यात फरक दिसला नाही, म्हणून वाद अजून चालू आहे, अमेरिका सरसकट ईसीजी करत नाही.

टीव्हीवरचा फुटबॉलवाला म्हणजे बहुतेक एरिक्सन, १२ जून २०२१, डेन्मार्क-फिनलंड. तो वाचला कारण मैदानावर लगेच छाती दाबली आणि शॉक मशीन तिथेच होतं. नंतर त्याच्या छातीत ठोके बिघडले की आतूनच शॉक देणारं यंत्र बसवलं, इटलीच्या नियमात त्या यंत्रासकट खेळता येत नाही म्हणून तिथला क्लब सुटला आणि इंग्लंडात जाऊन तो पुन्हा खेळला. एकच हृदय, दोन देशांत दोन निर्णय. तुमच्या मैदानावर शॉक मशीन आहे का हे मात्र शिट्टीवाल्या भाऊंना विचारायला हरकत नाही.

---

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच

मशीन नाही. फर्स्ट एडच्या पेटीत बँडेज आणि संपलेला स्प्रे आहे.

पत्राचं बरोबर आहे. पत्र असलं की वर उत्तर देता येतं, नुसतं "दुखतंय" म्हटलं की नाटक करते म्हणतात. ताई, एक सांगू, तुमच्या सरांनी रिपोर्ट बघून वाद घातला नाही म्हणजे माणूस ऐकणारा आहे, त्यांना तोडू नका, डॉक्टरांकडे एकदा बरोबर घेऊन जा. माझ्याकडे एखादी आई अशी आली तर मला आवडेल.

---

फिजिओताई

घरी बसवू नका, पाण्यात घाला. कमरेला फ्लोटिंग बेल्ट बांधून खोल पाण्यात पळायचं, पाय तळाला लागत नाहीत, हाडावर आपटणं शून्य, पण दम तोच निघतो. तिचे ट्रॅकवरचे इंटरव्हल मिनिटांत करून द्या, ३ मिनिटं जोरात, १ मिनिट हळू, असं. चालताना नडगी दुखणं पूर्ण थांबलं की सायकल पण चालेल. पण आधी खाणं, मग हे. रिकाम्या पोटी पहाटे पूलवर पाठवलंत तर वर डॉक्टरांनी केलेला हिशोब पुन्हा तिथेच. उठल्यावर केळं किंवा दोन खजूर आणि कपभर दूध, बाहेर आल्यावर अर्ध्या तासात नीट नाश्ता, पोहे चालतील आणि त्यावर सेव पण चालेल, शेंगदाणे जास्त घाला. भात परत सुरू, तूप परत सुरू. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबू पाण्याबरोबर, आणि कॅल्शियमची त्याच वेळी नको. वजनकाटा मात्र तीन महिने माळ्यावर टाकून द्या, तिच्या हाताला लागेल असा नको.

बेल्ट इथल्या दुकानात नाही मिळाला तर ऑनलाइन "एक्वा जॉगिंग बेल्ट" म्हणून टाका. मुलांचे स्विमिंगचे पंख घेऊ नका, ते वर सरकतात.